फोर्कलिफ्टसाठी जुने इंजिन शोधताना: कुर्ला, दारुखाना आणि कळंबोली

कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात फोर्कलिफ्टचे इंजिन घ्यायला जाणाऱ्याने फोनवर ठरलेला भाव फक्त ब्लॉक, हेड आणि क्रँक एवढ्याचाच आहे असे धरूनच निघावे. आम्हाला ८५ हजारांत ‘फुल इंजिन, चालू कंडिशन’ असे सांगण्यात आले होते आणि प्रत्यक्षात डिझेल पंप, सेल्फ, अल्टरनेटर, फ्लायव्हील यांचे वेगवेगळे भाव जोडत आकडा १ लाख ४२ हजारांवर गेला. हमाली आणि चेन-कप्पीचे भाडे त्याहून निराळे. हा वृत्तांत मुख्यतः त्या दुपारच्या संतापातून लिहिलेला आहे आणि ज्यांना यंत्राची माहिती आहे, ज्यांच्याबरोबर भरवशाचा मिस्त्री आहे, त्यांच्यासाठी आहे. ज्यांना कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारा) कुठे लावायचा हे ठाऊक नाही, त्यांनी या बाजारात पाऊल टाकू नये.

आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत टीसीएम या जपानी कंपनीची अडीच टनी डिझेल फोर्कलिफ्ट आहे. तिच्यात आयसुझूचे सी-२४० इंजिन आहे: चार सिलिंडर, ८६ मिलिमीटर बोअर, १०२ मिलिमीटर स्ट्रोक, २३६९ सीसी. मुळात हे इंजिन दणकट. परंतु मोल्डिंगच्या वाळूची धूळ एअर क्लीनर चुकवून आत जाऊ लागली की रिंगा आणि बोअर यांचे आयुष्य झपाट्याने सरते. ऑइल खाणे, सकाळी पांढरा धूर मारणे, मास्ट (काटे वर-खाली नेणारा पुढचा सांगाडा) उचलताना गळपटणे हे सगळे होऊन गेल्यावर ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात उघडले, तेव्हा दोन सिलिंडरांच्या मधल्या पट्टीत तडा निघाला आणि क्रँकही शेवटच्या अंडरसाइझपर्यंत, म्हणजे यापुढे घासता येणार नाही इतका, घासून झालेला होता. उद्यमनगरात ब्लॉक वाचवण्याची विद्या कमी नाही, त्यामुळे तिथला मशिनशॉपवाला ‘यात पैसे घालू नका’ म्हणाला की वाद घालू नये. नव्या इंजिनाचा भाव आमच्या अख्ख्या मशीनच्या आजच्या किमतीच्या वर होता. तेव्हा जुने इंजिन शोधणे एवढाच मार्ग उरला आणि मिस्त्रींना घेऊन निघालो.

पुण्याजवळच्या कुदळवाडी-चिखलीबद्दल अजूनही लोक जुना सल्ला देतात, तो विसरावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिथली अनधिकृत बांधकामे मोठ्या प्रमाणावर पाडल्यापासून भंगाराची पुष्कळशी गोदामे उठून गेली, आणि जे ओळखीचे होते ते कुठे गेले हे शेजाऱ्यालाही सांगता येत नव्हते. अर्धा दिवस फुकट गेला.

मुंबईत मोटार घेऊन शिरू नये. आम्ही ती वाशीला ठेवली आणि हार्बर लाइन पकडली, कारण कुर्ला आणि दारुखान्यासाठीचे (जहाजांच्या भंगाराचा बाजार) रे रोड ही दोन्ही स्थानके त्याच लाइनवर आहेत आणि पनवेलजवळच्या कळंबोलीला परतताना मोटार आपोआप वाटेवर सापडते.

आता कुर्ला. फोनवर बोलणे झालेल्या दुकानात पोहोचलो तेव्हा इंजिन लाकडी ठोकळ्यांवर तयार ठेवलेले होते, निळ्या रंगाचा ताजा हात दिलेला, शेजारी बॅटरी, वर खिळ्याला टांगलेली डिझेलची बाटली. मालकाने ‘बघा शेठ, एका सेल्फमध्ये’ म्हणून चावी मारली आणि इंजिन खरोखरच एका फटक्यात लागले. मिस्त्रींनी मात्र त्याआधीच मॅनिफोल्डला हात लावून पाहिला होता आणि तो कोमट होता, म्हणजे आम्ही येण्यापूर्वी ते तापवून ठेवलेले होते. थंड डिझेल इंजिन कसे लागते हेच तर आपल्याला पाहायचे असते. मग त्यांनी गेजची पट्टी काढून ऑइल दोन बोटांत धरले, तर गुळाच्या पाकासारखी तार निघाली; गिअर बॉक्सचे जाड ऑइल भरले की झिजलेले बेअरिंगही गप्प बसते आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारा धूरही दबतो. पाणी न भरता इंजिन मिनिटभर चालवून लगेच बंद करणे ही तिसरी युक्ती, कारण हेड गॅस्केट गेलेले असो की ब्लॉकला तडा असो, तापेपर्यंत काही दिसतच नाही.

तेव्हा पुढे जाणाऱ्यांनी हा आग्रह धरावा: इंजिन थंड असले पाहिजे, नळाची होज वॉटर पंपाला जोडून पाणी खेळते ठेवले पाहिजे, आणि किमान वीस मिनिटे चालू ठेवून ऑइल फिलरचे झाकण उघडून पाहू दिले पाहिजे. नोझल (डिझेल फवारणारे) काढून कॉम्प्रेशन मोजू देत नसतील तर उठावे. या इंजिनाला दर चौरस सेंटिमीटरला २८ ते ३० किलोच्या आसपास दाब मिळाला तर उत्तम, २२ च्या खाली गेला तर ते भंगाराच्या भावातही घेऊ नये, आणि चारही सिलिंडरांत फरक फार असेल तर एकट्या चांगल्या आकड्यावर भुलू नये. इंजिन नंबराची पट्टी ग्राइंडरने घासलेली दिसली तर भाव विचारण्याचेही कारण नाही.

खरा तमाशा हिशोबाच्या वेळी झाला. डिझेल पंप ‘टेस्टिंगसाठी’ दाखवायला लावला होता, तो वेगळा. सेल्फ वेगळा. फ्लायव्हील दुसऱ्या मालकाचे. इंजिन देताना जुने इंजिन परत हवे, नाहीतर आणखी १५ हजार. आणि अडीचशे किलोच्या आसपासचे ते धूड दुकानातून टेंपोत, म्हणजे जेमतेम दहा-बारा फुटांवर चढवण्यासाठी ६ हजार रुपये. आमची माणसे लावतो म्हटले तर बाहेरच्या हाताला इथे परवानगी नाही असे उत्तर. माथाडी कामगाराच्या घामाचा दाम द्यायला माझी ना नाही, परंतु यातले किती त्याच्या हाती पडणार होते याचा अंदाज कोणालाही करता येईल. बिल मागितल्यावर भाव पुन्हा वाढला. शेजारच्या दुकानदाराने तर ‘आयसुझूच पाहिजे ना, मग हे घ्या’ म्हणून अँबॅसिडरचे इंजिन पुढे केले. अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, त्यामुळे तिची आयसुझू डिझेल इंजिने भंगारात मुबलक आहेत, परंतु ते २ लिटरचे ४एफसी१ आहे. त्याचा आणि सी-२४० चा नावापलीकडे संबंध नाही, त्याचे फ्लायव्हील हाऊसिंग आपल्या टॉर्क कन्व्हर्टरला (इंजिनाची ताकद ट्रान्समिशनला देणारा भाग) बसत नाही. माझा निष्कर्ष कोणाला आवडो न आवडो: सुटे इंजिन घेण्यासाठी कुर्ल्याला जाऊ नये. सेल्फ, अल्टरनेटर, रेडिएटर यांसाठी खुशाल जावे.

दारुखान्यात माणसे सरळ भेटली आणि माल निरुपयोगी निघाला. जहाजांवरून उतरलेली छोटी डिझेल इंजिने तिथे दिसतात, ती कमी चाललेलीही असू शकतात. पण जीवनरक्षक होडीचे इंजिन समुद्राच्या पाण्यावर थंड होण्याच्या बेताने बांधलेले असते, त्याचा मॅनिफोल्ड पाण्याच्या जॅकेटचा असतो आणि हायड्रॉलिक पंप चालवण्यासाठी लागणारी जागा त्यावर असेलच असे नाही. जनरेटरची इंजिने एकाच वेगावर चालण्यासाठी जुळवलेली, म्हणजे पंप पुन्हा बसवून घेणे आले. चहा चांगला मिळाला.

कळंबोलीला जे सापडले ते इंजिन नव्हतेच, अख्खी मेलेली फोर्कलिफ्ट होती. न्हावा-शेवा बंदराच्या परिसरात कंटेनरची गोदामे इतकी आहेत की तिथून बाद झालेली यंत्रे उरण, कळंबोली, तळोजा या पट्ट्यातील भंगारवाल्यांकडे येत राहतात, आणि फोर्कलिफ्ट बाद होते ती पुष्कळदा मास्ट वाकल्याने, ट्रान्समिशन गेल्याने किंवा हायड्रॉलिक सिलिंडर फुटल्याने, इंजिनामुळे नव्हे. आमच्या नशिबी आलेल्या मशीनचा मास्ट तिरका झाला होता आणि पुढचे टायर फाटलेले होते. रेडिएटरसकट जागच्या जागी असलेले सी-२४० तिच्यावरच, थंड अवस्थेत, आमच्या बॅटरीवर चालू करून पाहिले. पाणी तापेपर्यंत चालवले, टिल्टचा (मास्ट पुढे-मागे झुकवण्याचा) लिव्हर ओढून भार टाकला, आणि वेग खाली न जाता सावरला तेव्हा मिस्त्री पहिल्यांदा हसले. भाव १ लाख ६५ हजार ठरला, हायड्राने (फिरत्या क्रेनने) ट्रकवर चढवण्याचे भाडे सकाळीच बोलून घेतले. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल एक लाखावर गेला की ई-वे बिल लागते, ते विक्रेत्याकडून निघण्यापूर्वीच करून घ्यावे. परतीच्या प्रवासात सांगण्यासारखे काही घडले नाही.

बसवताना सांभाळायच्या गोष्टी मात्र सांगतो, कारण सुटे इंजिन घेणारा नेमका इथेच अडतो. फोर्कलिफ्टचा रेडिएटर मागे असतो आणि पंखा हवा बाहेर ढकलणारा असतो. मोटारीचा ओढणारा पंखा लावला तर गरम हवा चालकाच्या अंगावर येते आणि इंजिन तापते ते वेगळेच. डिझेल पंपावरचा गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा) सगळ्या वेगांवर भार सावरणारा हवा, नुसता आयडल आणि कमाल वेग सांभाळणारा मोटारीचा नको, अन्यथा आयडलवर मास्ट उचलताच इंजिन बंद पडेल. ऑइलचा संप, इंजिनाचे माउंटिंग, टायमिंग कव्हर आणि टॉर्क कन्व्हर्टरची पातळ प्लेट यांचे फोटो आणि मापे निघण्यापूर्वीच घेऊन ठेवावीत. आम्ही आणलेल्या इंजिनात यांतले काही बदलावे लागले नाही. ट्रान्समिशनच्या बाजूचे क्रँकचे ऑइल सील, वॉटर पंप आणि सगळे कोअर प्लग (ब्लॉकची भोके बंद करणाऱ्या चकत्या) मात्र इंजिन बाहेर आहे तोवरच नवे टाकले, कारण नंतर त्यांच्यापर्यंत हात पोहोचण्यासाठी पुन्हा अख्खे काउंटरवेट (मशीनच्या मागचे तोलाचे वजन) उतरवावे लागते.

काउंटरवेटवरून हिशोबाची शेवटची बाब. मेलेल्या मशीनचे काउंटरवेट ओतीव लोखंडाचे असेल तर ते दीड टनाच्या आगेमागे भरते, आणि आमच्यासारख्या फाउंड्रीवाल्याला तो भट्टीचा मालच आहे. फाउंड्री नसेल तर शिरोली किंवा गोकुळ शिरगावात विचारावे, गिऱ्हाईक मिळते. आमच्या खरेदीतले बरेच पैसे त्यातून आणि उरलेल्या पंप, ॲक्सल, स्टिअरिंग सिलिंडर यांच्या विक्रीतून निघाले, त्यामुळे इंजिन कुर्ल्याच्या खऱ्या भावापेक्षा पुष्कळ स्वस्त पडले. फक्त व्यवहार ठरण्यापूर्वी काउंटरवेटवर हातोडी मारून पाहावी, कारण काही काउंटरवेट वरून पत्र्याचे आणि आतून काँक्रीट भरलेले असते, आणि त्याला लोखंडाच्या भावाने कोणी हात लावत नाही.