पंचवीस अंश इथं डिसेंबरातच भेटते

चंद्रपूर जिल्ह्यात एप्रिलमध्ये डायक्लोरोमिथेनची बाटली उघडायची तर आधी ती बर्फात बसवावी लागते. हा द्रावक 40 अंशांनाच उकळतो आणि आमच्या प्रयोगशाळेत दुपारी पारा त्याच्या वर असतो. बूच सैल केलं की फुस्स! तालुक्याच्या कॉलेजात एम.एस्सी.चे प्रकल्प नेमके याच दिवसांत उरकायचे असतात.

यंदा एका विद्यार्थिनीने विषय घेतला होता सिंग्लेट ऑक्सिजन साठवणाऱ्या रेणूंचा. हवेतला ऑक्सिजन तसा सुस्त. त्याला मोलमागे 94 किलोज्यूल ऊर्जा मिळाली की तो सिंग्लेट अवस्थेत जातो आणि दिसेल त्या दुहेरी बंधावर तुटून पडतो. पाण्यात त्याचं आयुष्य जेमतेम काही मायक्रोसेकंद. असल्या उनाडाला धरून ठेवायचं काम 1,4-डायमिथिलनॅफ्थॅलीन करतं. थंडाव्यात, उजेडात, मेथिलीन ब्लू या उजेड टिपणाऱ्या निळ्या रंगाच्या मदतीने तो ऑक्सिजन त्याच्या एका वलयावर आडवा बसतो. हे झालं एन्डोपेरॉक्साइड. ऊब लागली की ऑक्सिजन सुटतो, त्यातला बराचसा सिंग्लेटच असतो, आणि नॅफ्थॅलीन जसंच्या तसं हाती येतं. कॅन्सरच्या प्रकाश-उपचारात उजेडाने सिंग्लेट ऑक्सिजन तयार करून गाठीवर सोडतात, पण उजेड खोलवरच्या गाठीपर्यंत पोचत नाही, गाठीत ऑक्सिजनही कमीच असतो. म्हणून उजेडाशिवाय सिंग्लेट ऑक्सिजन सोडणाऱ्या या रेणूंकडे संशोधकांचं लक्ष आहे. पेरॉक्साइड म्हटलं की स्फोटाची भीती, म्हणून मी मात्र मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ देत नाही.

त्या दिवशी हॅलोजनचा दिवा लावून, मासे पाळणाऱ्यांचा हवेचा पंप सोडून काम सुरू केलं आणि लाइन गेली. प्रयोगशाळेतले शिपाईमामा म्हणाले, "आता संध्याकाळलोक येत नाही जी." ती पोरगी काही न बोलता परीक्षानळी बर्फाच्या भांड्यासकट उचलून व्हरांड्यातल्या उन्हात घेऊन गेली. बर्फ रसवंतीवाल्याकडचा, त्यात मीठ. पंप नाही तर फुटबॉलचा हातपंप. मेथिलीन ब्लूला लाल उजेड लागतो, तो उन्हात हवा तितका. आमच्याकडे बाकी कशाचा तुटवडा असेल, उन्हाचा नाही.

द्रावक बर्फावरच उडवून लावल्यावर नळीत निळा थर राहिला. त्यात थंड टोल्युईन, म्हणजे दुसरा द्रावक, घातलं. मेथिलीन ब्लू टोल्युईनमध्ये विरघळत नाही, त्यामुळे निळा रंग काचेला चिकटून बसला आणि वर नितळ द्रावण आलं. स्तंभ भरून गाळायची कटकट वाचली. मग स्टोअररूमच्या खिडकीला पोतं लावून अंधार केला आणि मोबाइलच्या टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद. डायफिनाइलआयसोबेन्झोफ्युरानचं पिवळं द्रावण दोन नळ्यांत घेतलं; सिंग्लेट ऑक्सिजन भेटला की याचा रंग उडतो. एकीत नुसतं डायमिथिलनॅफ्थॅलीन, दुसरीत आमचा साठा. थोड्या वेळाने दार किलकिलं करून पाहिलं, तर पहिली तशीच पिवळीधमक आणि दुसरी पाण्यासारखी. अंधारात, दिवा नाही, लेझर नाही. हे मी इतकी वर्षं फक्त शिकवत आले होते.

नंतर तिने तोच साठा तीन ठिकाणी ठेवून मोजला: बर्फात, सकाळच्या 29 अंशांत आणि दुपारच्या 41 अंशांत. बर्फातला जवळजवळ हलला नाही. दुपारचा 40 मिनिटांच्या आतबाहेर निम्मा रिकामा.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांचं बोट नेमकं त्याच आकड्यावर थांबलं. "याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा व्हायचा वेळ, पाचएक तास आहे. तुमचं नक्की काहीतरी चुकलंय."

"ते 25 अंशांवरचं आहे सर," ती म्हणाली. "25 अंश इथं डिसेंबरातच भेटते."

तिने वही पुढे केली. दर मोजणीसमोर टेबलावरचं तापमान लिहिलेलं होतं. हा रकाना मी सांगितलेला नव्हता, तिने स्वतःच पाडला होता. सरांनी कॅल्क्युलेटर काढला, सकाळचा आणि दुपारचा वेग मांडला. दहा अंशांमागे साडेतीन पट. तोच हिशेब मागे 25 अंशांवर नेला तर उत्तर पाच तासांच्या जवळ आलं. मग त्यांचा सूर बदलला. आता ते परीक्षा घेत नव्हते, गप्पा मारत होते, आणि खरी परीक्षा मला वाटतं तेव्हाच सुरू झाली.

"मग अँथ्रासीनवाला का नाही घेतला? तो असा गळत नाही."

"9,10-डायफिनाइलअँथ्रासीनचा चांगलाच तापवल्याशिवाय सोडतच नाही सर. मग अंगातल्या 37 ला काय सोडणार?"

"बरं, हेच औषध झालं असं समज. इथल्या ग्रामीण रुग्णालयात आणशील कसं?"

"बर्फाच्या डब्यात. पोलिओचा डोस येते तसा."

"आणि डब्यातून काढून सुई भरेपर्यंत?"

तिने वहीचं मागचं पान उलटलं आणि उभ्या उभ्या आकडा काढला. 41 अंशांत पाच मिनिटं गेली, तर आठेक टक्के साठा गळालेला.