रांग तेवढी स्पष्ट येते

कॅमेऱ्याचं शटर १/१००० सेकंदापुरतंच उघडून टिपलेली फास्ट लोकल कळवा कारशेडमध्ये उभी करून ठेवल्यासारखी दिसते. खिडकीची जाळी, दारातल्या माणसाच्या बॅगेची चेन, सगळं लख्ख. कुणाचे केस उडत असतील तरच कळायचं, की वारं लागतंय म्हणजे गाडी चालू असणार. फोटो ‘शार्प’ हवा, असं जो तो सांगतो. पण धावणाऱ्या गाडीचं धावणंच त्यातून गेलं, तर उरतो नुसता डबा.

मला आपलं १/३० बरं वाटतं. ठाण्यात गोखले रोडवर उभं राहायचं, येणारी रिक्षा कॅमेऱ्यात धरायची आणि तिच्याबरोबर कंबरेतून वळत जायचं. बटण दाबलं तरी वळणं थांबवायचं नाही. सगळी मेख तिथेच आहे. जमलं तर रिक्षा स्पष्ट येते आणि मागच्या दुकानांचे रंगीत पट्टे होतात. नाही जमलं तर रिक्षाही पट्ट्यांत जाते. यात रिक्षावाल्यांचा जीव मात्र टांगणीला लागतो. कॅमेरा रोखलेला दिसला की ई-चलानच्या धास्तीने हात आधी खाकी शर्टाच्या बटणाकडे जातो. एकाने तर थांबून विचारलं, “मॅडम, कशाचं फाडताय?”

संध्याकाळी स्टेशनबाहेर सॅटिसवर, म्हणजे बसगाड्यांच्या पुलावर गेलं की शटरचा वेग आणखी खाली आणता येतो, अगदी दोन सेकंदांपर्यंत. ट्रायपॉड लावायला जागा कुठली! कॅमेरा कठड्यावर टेकवायचा. पण टीएमटीची बस गेली की पूल थरथरतो आणि प्रत्येक दिवा दोनदा उमटतो. दोन बसच्या मधली फट गाठावी लागते, आणि सातच्या सुमारास ती मिळणं म्हणजे लोकलला विंडो सीट मिळण्यासारखंच. मिळाली, तर फोटोत बसच्या मागच्या दिव्यांच्या लाल रेघा उमटतात आणि घरी निघालेली माणसं विरून जातात. कुठे एखादा बूट उरतो, कुठे डब्याची पिशवी. शेअर रिक्षाची रांग मात्र जशीच्या तशी, चेहऱ्यांवरच्या वैतागासकट. दोन सेकंदांत ती तसूभरही सरकत नाही.

फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळात फ्रान्सच्या दागेरने १८३८मध्ये पॅरिसचा एक रस्ता टिपला, तेव्हा असंच झालं होतं. प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटं लागायची. तेवढ्यात घोडागाड्या, माणसं येऊन गेली. त्यांचा मागमूसही उरला नाही. उमटला तो एका पायाचा बूट पॉलिश करून घेणारा माणूस, कारण तो जागचा हलला नव्हता. आपल्या प्लॅटफॉर्मवरच्या बूट पॉलिशवाल्यांकडे मी तेव्हापासून जरा आदराने बघते.

वेगवान शटरला मी अगदीच नावं ठेवतेय असं नाही. मायब्रिज या फोटोग्राफरने १८७८मध्ये धावत्या घोड्याचे फोटो काढले, तेव्हा कुठे लोकांना दिसलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. त्याआधीचे चित्रकार बिनदिक्कत पाय पुढे-मागे फाकलेले घोडे रंगवत होते. ऐरोलीला खाडीत बोटीतून फ्लेमिंगो बघतानाही हेच होतं. उडण्याआधी ते पाण्यावर चक्क पळतात, पण डोळ्यांना नुसती गुलाबी धांदल दिसते. १/२००० ला त्यातलं एक पाऊल सापडतं: पाण्याला टेकलेला बोटांमधला पडदा, मागे उडालेले थेंब. ते एकदा मिळालं की मी शटर पुन्हा १/६० वर आणते. हलत्या बोटीत त्यातले बहुतेक फोटो वाया जातात. जाऊ देत.