एकाच नाकपुडीतून वाफ

हे लिहू की नको करत दोन महिने काढले. आधीच सांगतो, गावाचं नाव, माणसांची नावं काही देणार नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल.

मी ढोरांचा डॉक्टर. खान्देशात शहादा-शिरपूरच्या पट्ट्यात सतरा वर्षं झाली. बहुतेक काम म्हणजे गाईम्हशी, शेळ्यांच्या लसी आणि रात्री दोनला अडलेलं वासरू. पण दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा भरली की आमच्याकडे पुढचा दीड-दोन महिना घोड्यांशिवाय विषय नसतो. पपईचं, कापसाचं पेमेंट आलेलं असतं, थंडी असते, आणि गावोगावच्या यात्रेत शर्यती लागतात.

त्यातली आमच्याकडची खरी हौस म्हणजे रेवाल. बाहेरच्या लोकांना वाटतं शर्यत म्हणजे सुसाट दौड, तसं नाही. रेवालमध्ये घोडा एका बाजूचे पुढचा-मागचा पाय एकदम टाकतो, मग दुसऱ्या बाजूचे, आणि वर बसलेला माणूस हलत नाही, हातातला चहा सांडायला नको अशी चाल. चाल तुटून घोडा दौडीत गेला की बाद. बाजूने जीपमधून पंच बघत असतात. आता विचार करा, ज्याला शर्यत विकायची त्याच्यासाठी हे किती सोपं आहे, लगाम जरा ढिला सोडला, टाच मारली, चाल तुटली, आणि स्वार वर कपाळावर हात मारून घेतो की नशीबच फुटकं. कोण सिद्ध करणार?

पैसा कायद्याने लावायचा तर महालक्ष्मी, पुणे अशा परवान्याच्या रेसकोर्सवर. आमच्याकडे तो निंबाच्या झाडाखाली लागतो, एक मध्यस्थ, एक वही, आता वही पण गेली, मोबाईल आला. सगळ्यांना माहीत असतं, बंदोबस्ताला आलेल्यांनाही.

त्या दिवशी मी घोडे तपासायला होतो. आयोजकांना तपासणीचा कागद पाहिजे असतो, तपासणी नको असते, हे माझं स्पष्ट मत. दोन तासांत चाळीसच्या वर घोडे, माईकवर सारखं "डॉक्टरसाहेब आवरा". तरी मी मन लावून करतो. हिरडी दाबून सोडायची, रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. जबड्याखाली नाडी. पापणीचा आतला रंग, खूर, नालेचे खिळे, पाठीवर खोगिराची जखम. ही घोडी मला आठवते कारण नाडी मिनिटाला छत्तीस होती, बाजूला डीजे दणदणत असताना छत्तीस, मी मनात म्हटलं काय जनावर आहे! कुमैत रंग, कपाळावर चांद. सगळ्यांना तीच जिंकणार वाटत होती, म्हणून तिच्यावर भावच मिळत नव्हता, शंभर लावले तर वर वीस सुटायचे. सही केली, पुढचा घोडा.

घोडी हरली. अर्ध्या वाटेत मागे पडली, स्वाराने चाबूक वापरला, चाल तुटली, बाद. नंतर मी तिला लांबून पाहिलं, मान पुढे ताणलेली, अंगावर फेस, नाकपुडी वाटीसारखी फुललेली. मला वाटलं दमली. हातात शेवभाजीची प्लेट होती, खरं सांगतो.

अठरा दिवसांनी फोन. घोडीच्या मालकाचा नाही, तिची चाकरी करणाऱ्या नानांचा. "डाक्टरसाहेब, घोडीनं नाक वाहस. वास बी येस." नानांना मी पहिल्यापासून ओळखतो. साठीचे असतील, मालकाच्या वडिलांपासून त्याच तबेल्यात, झोपतात पण तिथेच खाटेवर.

गेलो तर आधीच गावातल्या एका हौशी इंजेक्शनवाल्याने आठ दिवस पेनिसिलिन-जेंटा ही अँटिबायोटिक टोचलेली. मानेवर सुयांच्या गाठी. (या लोकांबद्दल मी बोलायला लागलो तर वेगळा लेख होईल.) उजव्या नाकपुडीतून पिवळट हिरवा शेंबूड, जबड्याखालची गाठ सुजलेली. एका नाकातून असं वाहतंय म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिला शब्द आला तो ग्लँडर्स. हा रोग माणसाला होतो, जीव घेतो, आणि घोड्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की उपचार नाही, घोडा दयामरण देऊन पुरायचा. मी दोन हात लांब झालो. ग्लोव्हज, मास्क, मानेतून रक्त घेतलं, घोडी वेगळी बांधायला लावली, वर कळवलं, सॅम्पल हरियाणात हिसारला गेलं, घोड्यांच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रात.

अकरा दिवस वाट पाहिली. त्या दिवसांत तबेल्यात कोणी फिरकेना, आप्पा म्हणजे मालक बांधावरून फोन करायचे. नाना मात्र तिथेच. मी ओरडायचो, नाना नाकाला हात लावू नका, तर ते कौतुकाने सांगायचे, "मनाशिवाय कोनलेच नाकले हात लावू देस नई ती." म्हणजे माझ्याशिवाय कोणालाच नाही. रोज कोमट पाण्याने पुसून काढायचे.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला गेलो, तापीकाठची जानेवारीची थंडी, तोंडातून धूर निघत होता माझ्या. घोडी दावणीला उभी. आणि मला दिसलं. डाव्या नाकपुडीतून वाफेचा भपकारा येत होता, उजवीतून काहीच नाही. पाच-सहा श्वास मी नुसता उभा राहून मोजले. एकाच बाजूने वाफ.

घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. माणूस, कुत्रा, बैल तोंड उघडून धापा टाकतो, घोड्याची रचनाच तशी नाही, त्याला हवा फक्त नाकातून. उभा असताना मिनिटाला दहा-बारा श्वास घेणारा घोडा दौडताना शंभरच्या वर जातो. एक नाकपुडी बंद केली तर दावणीला उभा असताना कोणाला कळणार नाही. नाडी छत्तीस, हिरडी गुलाबी, सगळं मस्त. मैदानात कळेल.

मुद्दा असा की नाकपुड्यांसमोर दोन तळहात धरले की पाच सेकंदांत समजतं. कॉलेजात शिकवतात. शर्यतीच्या दिवशी घाईत धरले नाहीत, नंतर भीतीने धरले नाहीत.

झायलाझिन हे गुंगीचं औषध दिलं, घोडीची मान खाली आली, उजव्या नाकपुडीत नळी सरकवायला गेलो तर वीतभर आत अडली, आणि अडणं हाडासारखं नव्हतं, मऊ, दाबलं की दबतंय. माझ्याकडे एंडोस्कोप वगैरे काही नाही, टॉर्च आणि लांब चिमटा. त्या चिमट्याचं नावच स्पंज होल्डिंग फोर्सेप आहे, आयुष्यात पहिल्यांदा त्याने खरंच स्पंज धरला. ओढला तसा असा वास सुटला की बाहेर उभा असलेला पोरगा पळाला. मागून रक्त, घोड्याचं नाक सांडतं तेव्हा बादलीभर वाटतं, पण थांबलं.

बादलीतल्या पाण्यात धुतला. गादीचा फोम, कात्रीने नीट कापलेला, लिंबाएवढा, काळा पडलेला. आणि त्याला जाड सुती दोरा, दोन फेरे मारून गाठ, चार बोटं लांब, टोक तुटलेलं. म्हणजे घालणाऱ्याला तो शर्यतीनंतर काढायचा होता. दोरा तुटला आणि स्पंज आत राहिला.

आप्पा स्पंजकडे बघत शिव्या देत होते, स्वाराला, समोरच्या पार्टीला, सगळ्यांना. नाना स्पंजकडे बघतच नव्हते. ते दोऱ्याकडे बघत होते.

मी काही बोललो नाही.

रात्री वाचत बसलो. हा प्रकार काही आमच्या खान्देशचा शोध नाही, १९९६-९७ च्या सुमारास अमेरिकेत केंटकीच्या रेसकोर्सवर घोड्यांच्या नाकात असेच स्पंज सापडले होते. रक्त-लघवीच्या तपासण्या औषध शोधतात, फोम लघवीत उतरत नाही. ऑस्ट्रेलियात १९८४ मध्ये तर फाइन कॉटन नावाच्या घोड्याच्या जागी दुसराच घोडा रंगवून पळवला. त्याचं मला नवल नाही, यात्रेत घोडा घेताना ओला रुमाल कपाळावरच्या चांदावर घासून बघायचा हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं.

आप्पांना म्हटलं तक्रार करा, मी लिहून देतो. ते म्हणाले, "घरनी गोट शे डॉक्टर, घरमाच ऱ्हाऊ द्या." घरची गोष्ट आहे, घरातच राहू द्या. इतक्या शिव्या देणारा माणूस एकदम इतका शांत, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की यांनी स्वतःच उलट्या बाजूने पैसे लावले नसतील कशावरून? शंभराला वीस सुटणाऱ्या घोडीवर कमाई हरण्यातच असते. नाहीतर स्वार. नाहीतर कोणी नानांना काही सांगितलं असेल, धमकावलं असेल, मुलीचं लग्न होतं मागच्या वर्षी. प्राण्यांच्या छळाचा १९६० चा कायदा उघडून बघितला, कलम ११, पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. त्याहून जास्त पैशांचं तर मी त्या दिवशी डिझेल जाळलं होतं. आणि तक्रार गेली असती तर पहिला कागद निघाला असता तो माझ्या सहीचा, घोडी तंदुरुस्त असल्याचा. हे कारण मी स्वतःलाच उशिरा सांगितलं.

स्पंज फॉर्मलिनच्या बाटलीत माझ्या कपाटात आहे. दोऱ्यासकट.

यंदाच्या पुढच्या तीन यात्रांमध्ये मी प्रत्येक घोड्याच्या नाकासमोर दोन्ही तळहात धरले. एका आयोजकाने माईकवरून "डॉक्टरसाहेब घोड्याला आशीर्वाद देऊन राहिले" म्हणून हशा पिकवला. चौथ्या यात्रेला मला बोलावलंच नाही.

नाना पंधरा दिवसांत काम सोडून गेले. काढलं की सोडलं माहीत नाही, दोंडाईचाकडे कोणाच्या तरी गोठ्यावर म्हशी सांभाळतात म्हणे. दर सोमवारी त्यांचा फोन येतो, बाजाराच्या आवाजातून. "खास का ती?" मी सांगतो, खाते, भरली आहे अंगाने. परवा सांगितलं, दोन्ही नाकपुड्या चालू आहेत नाना, हात धरून बघितलं. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला नाही. मी पण ठेवला नाही. पलीकडे कोणीतरी कांद्याचा भाव ओरडत होतं, मग बॅलन्स संपला असेल, कट झाला.