दोन भाषांची एक बैठक
कॅनडात १९६९च्या राजभाषा कायद्याने इंग्रजी आणि फ्रेंचला समान दर्जा दिला, पण बैठकीत वेगळंच घडतं. दहांत एकाला फ्रेंच येत नसलं की पाचव्या मिनिटाला सगळे इंग्रजीवर येतात. फ्रेंच भाषक मुद्दा मांडायचा सोडून शब्द शोधत राहतो, मग गप्प होतो. राजकीय कटुता इथेच मुरते, असं मला ठामपणे वाटतं.

म्हणून अध्यक्षांनी सुरुवातच फ्रेंचमध्ये करावी आणि दर मुद्द्याला भाषा बदलावी. तेच वाक्य दोनदा नको. लोक आपल्या भाषेची पाळी येईपर्यंत ऐकतच नाहीत. बोलणं फ्रेंचमध्ये असेल तर पडद्यावरचा मजकूर इंग्रजीत ठेवा. दुभाषे जोडीनेच घ्या. साधारण अर्ध्या तासाने आलटून पालटून बोलले नाहीत, तर थकव्याने चुका होतात. ठराव मात्र दोन्ही भाषांत एकाच वेळी लिहा.