दोरी ओढून ओढून

माझा जुना चेनसॉ, म्हणजे लाकूड कापायचं पेट्रोलवरचं मशीन, आता सोलापुरात अशोक चौकाजवळ अण्णांच्या दुरुस्तीच्या दुकानात मागच्या फळीवर पडलाय, सुटे भाग काढायला. २००९ साली घेतलेला, ४५ सीसीचा, १८ इंची बार (चेन जिच्या कडेनं फिरते ती लांब पट्टी). असलं मशीन ज्यांच्या घरात आहे आणि दुरुस्त करावं की सोडून द्यावं या घोळात जे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. घरात हा विषय आता कुणी ऐकून घेत नाही, हेही एक कारण आहेच.

मी शहरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. घर जुळे सोलापुरात, शेत बार्शी रस्त्याला, माळढोकाच्या अभयारण्याचं जे नान्नज आहे त्याच्या अलीकडं. ज्वारी, तूर, थोडी लिंबं. बांधावर कडुनिंब आणि बोरी, ओढ्याच्या काठानं वेडी बाभूळ. ही वेडी बाभूळ नसती तर मी मशीन घेतलंच नसतं. मूळचं अमेरिका खंडातलं हे झाड जळण आणि हिरवळ म्हणून आपल्याकडं लावलं गेलं आणि मग कुणाच्या बापाला आवरेना. बुडातून तोडली की दुसऱ्या पावसाळ्यात फुटव्यांचं झुडूप. लाकूड असं टणक की कुऱ्हाड उसळून येते, आणि काटा चपलेच्या तळातून वर.

मशीनचं काम निघतं ते संक्रांतीनंतर. गड्ड्याची जत्रा उरकली की बांध मोकळे करायचे, जळण रचायचं, एप्रिलच्या उन्हाआधी संपवायचं. पुढं पावसाळा आणि निम्मा हिवाळा मशीन खोलीच्या कोपऱ्यात. माझं ठाम मत असं झालंय की आपल्यासारख्यांकडचं मशीन लाकूड कापून जितकं खराब होतं, त्याहून जास्त पडून राहून होतं. लाकूडतोडीचा धंदा करणाऱ्यांची मशीनं रोज बडवली जातात, तरी धडधडत असतात. आपली मात्र कोपऱ्यात बसून आजारी पडतात.

याला कारण पेट्रोल. चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनाला इंजिन ऑइलची वेगळी टाकी नसते, पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळायचं. चांगलं ऑइल असेल तर पन्नासास एक, म्हणजे लिटरला २० मिली. साधं असेल तर पंचविसास एक, लिटरला ४० मिली. मशीनच्या पुस्तकात जे दिलंय ते धरायचं. गावाकडं हे माप बाटलीच्या झाकणानं होतं, आणि झाकण कुठल्या बाटलीचं ते त्या दिवशी हाताला काय लागेल त्यावर. मी आयुष्यभर मोजपात्रं धुतलेला माणूस, मला ते बघवत नाही. माझ्याकडं १०० मिलीचं प्लास्टिकचं मोजपात्र शेतातल्या खोलीत खिळ्याला टांगलेलं असतं.

त्याच मोजपात्रात मी एकदा पंपावरचं पेट्रोल तपासलं. घरी कुणीही करू शकेल, फक्त विस्तवापासून लांब आणि उघड्यावर. १० मिली पाणी घ्यायचं, त्यावर १०० मिलीच्या खुणेपर्यंत पेट्रोल ओतायचं, हलवून स्थिर होऊ द्यायचं. पाणी खाली बसतं, पण आता ते १० मिली राहिलेलं नसतं. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर फुगतो. पेट्रोल वीस टक्क्यांचं असेल तर तो थर २५ मिलीच्या पुढं जातो. माझा गेला. यात भेसळ कसलीच नाही, सरकारी धोरणच तसं आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत जवळपास सगळीकडं तेच झालं.

गंमत म्हणजे या इथेनॉलचा एक वाटा उसातून येतो, आणि सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही. आमच्याच भावकीतल्या ऊसवाल्यांचा माल पंपावरून फिरून माझ्या कार्बोरेटरमध्ये येतो. त्यांना टनाला दर मिळतो, मला त्यातला डायाफ्रॅम, म्हणजे पातळ पडदा, बदलावा लागतो.

कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळाभर टाकीत मिश्रण राहिलं तर त्यात पाणी धरतं. जुन्या मशीनच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचा डायाफ्रॅम या पेट्रोलसाठी बनवलेलेच नसतात. नळी फुगते, मऊ पडते, नाहीतर कडक होऊन चिरते. पेट्रोल उडून गेलं की ऑइलचा चिकट थर तेवढा मागं राहतो आणि सुईएवढ्या भोकांत बसतो. मग जानेवारीत दोरी ओढत बसायचं. उपाय अगदी साधा आहे. काम संपलं की टाकी रिकामी करायची, मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. मिश्रण लागेल तेवढंच करायचं आणि महिन्यावर ठेवायचं नाही. उरलं तर मी फवारणीच्या टू-स्ट्रोक पंपात संपवतो.

बाकी देखभालीत माझा जीव रमतो तो धार लावण्यात. चेनचे दात आळीपाळीनं एक डावा, एक उजवा असे वाकडे असतात. ही रचना अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला १९४६ मध्ये सुचली. ओंडक्यात एक अळी लाकडाचे धागे बघत नाही, उभं-आडवं बघत नाही, सरळ पोखरत जाते, हे त्यानं पाहिलं. तिचे जबडे डावीकडून उजवीकडं आणि उजवीकडून डावीकडं कापतात, ते धरून त्यानं चेन बनवली. पुढच्या वर्षी त्याचा धंदा सुरू झाला. आजची चेन अजून त्याच वळणाची आहे. लाकूड पोखरणारी अळी आपल्याला दिसली तर आपण आधी औषध मारतो.

धार लावायला गोल कानस लागते आणि तिची जाडी चेनप्रमाणे ठरते. माझ्या जुन्या चेनला ४.८ मिलिमीटरची लागायची. दाताच्या माथ्यावर साधारण ३० अंशांची खूण असते, कानस तिला समांतर धरून आतून बाहेर ढकलायची. मागं ओढायची नाही. आधी एका बाजूचे सगळे दात, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे, आणि सगळ्यांना ढकल सारखेच. एका बाजूला जास्त घासलं तर मशीन सरळ कापत नाही, बार एका अंगाला ओढला जातो. लोक म्हणतात बार वाकला. बार वाकलेला नसतो, घासणाऱ्याचा उजवा हात जड असतो.

दातापुढं एक छोटी उंचवट्याची टेकडी असते. दात किती खोल घुसायचा ते ती ठरवते. दातापेक्षा ती साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवी. दात घासून घासून खाली येतो, टेकडी तिथंच राहते, मग कितीही धार लावा, चेन लाकडावरून नुसती घसरते. चपट्या कानशीनं टेकडी उतरवायला बहुतेक जण विसरतात, नाहीतर वैतागून इतकी उतरवतात की मशीन हातात उड्या मारतं. धार आहे की नाही ते भुशावरून कळतं. ढलप्या उडत असतील तर चेन बरी आहे. पिठासारखा भुसा पडायला लागला की थांबायचं. तरीही दाबून कापत राहिलात तर बार तापतो, क्लच तापतो आणि आपली कंबर जाते.

आणि माती! चेन एकदा मुरमाला टेकली की सकाळची सगळी मेहनत गेली. वेडी बाभूळ बुडाशीच तोडायचा मोह होतो. मी आता वीतभर वर तोडतो, बुंध्याच्या सालीतली माती आधी कोयत्यानं खरवडतो. चेनला तेल देणारी वेगळी टाकी असते, तिच्यात लोक जळकं काळं ऑइल ओततात, तेही नको. त्यात लोखंडाचा बारीक चुरा असतो. चेनचं घट्ट ऑइल महाग वाटतं, पण बार त्याहून महाग आहे. एअर फिल्टर आमच्या धुळीत रोज झटकायचा, बार प्रत्येक नव्या चेनबरोबर उलटा करायचा. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

एवढं करूनही मशीन म्हातारं झालंच. लक्षणं अशी: सकाळी थंड असताना नीट सुरू व्हायचं. पेट्रोल भरायला बंद केलं, की गरम मशीन परत सुरू व्हायला तयार नाही. अर्धा तास कडुनिंबाखाली बसा, मग परत चालू. रिकामं चालताना आवाज आपोआप वर चढायचा, खाली यायचा. कार्बोरेटरचे स्क्रू कितीही फिरवा, दुपारनंतर मूळ पदावर.

अण्णा पूर्वी यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. कारखाना बंद झाला, तेव्हा त्यांनी पंप, फवारे, कटर यांच्या दुरुस्तीचं दुकान टाकलं. शंभर मागांच्या खडखडाटात कुठल्या मागाचा धोटा अडकलाय ते ओळखणारा माणूस. त्यांनी मशीन सुरू केलं, तोंड वाकडं केलं आणि बंद केलं.

“सर, हवा खातंय.”

क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, दोन्ही बाजूंची ऑइल सीलं वर्षांनी कडक होतात आणि तिथून हवा आत शिरते. हवा जास्त म्हणजे पेट्रोल कमी, पेट्रोल कमी म्हणजे त्याच्याबरोबर येणारं ऑइलही कमी. अण्णांनी मशीन दोरीच्या मुठीला धरून हवेत लटकतं ठेवलं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चांगलं असेल तर मशीन अडत अडत, हिसके देत खाली येतं. आमचं विहिरीत बादली सोडावी तसं खाली गेलं. मग त्यांनी सायलेन्सर काढला आणि बॅटरीच्या उजेडात पिस्टन दाखवला. धुराड्याच्या बाजूला उभे ओरखडे, नखाला लागतील असे. दाबाचा मीटर लावला तर ८० पीएसआयच्या आसपास. असल्या मशीनला १५० च्या जवळपास हवा.

मी म्हटलं, बोअर करू. जुन्या स्कूटरचा सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन बसवायचे, ते डोक्यात होतं.

“ह्याला बोअर चालत नाही, सर. आतनं कोटिंग आहे. सिलिंडर-पिस्टन जोडीनं बदलायचं. सीलं, रिंग, नळ्या, डायाफ्रॅम, सगळं. करून देतो, माझं काय जातंय? पण नव्याच्या निम्म्याला जाईल, आणि बेअरिंग जुनंच राहील.”

दुकानदार असूनही काम नको म्हणतोय, याचा अर्थ मला कळला. तिथंच फळीवर बसून कागदावर बेरीज केली. माझा हिशोब सरळ आहे: कार्बोरेटर, नळ्या, क्लच, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) यांसाठी मशीन कधीच टाकू नये. ते झिजायचंच, बदलायचं आणि पुढं जायचं. पण पिस्टनवर ओरखडे, सीलं गेलेली आणि बेअरिंगचा भरवसा नाही, हे तिन्ही एकत्र आलं की हात जोडावेत. नवं सिलिंडर घातलं आणि हवा कुठून शिरत होती ते सापडलं नाही, तर तेही त्याच वाटेनं जाणार.

पुण्याचा मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, आता बॅटरीचा घ्या. ना कार्बोरेटर, ना दोरी.” मुद्दा खोटा नाही. पेट्रोलच नसेल तर ते खराब कसं होईल? दारातली झाडं, लिंबाची छाटणी एवढंच असतं तर मी तोच घेतला असता. पण सुकलेल्या वेड्या बाभळीचा मांडीएवढा ओंडका, तसे पंचवीस-तीस, आणि बॅटरी संपली की चार्जिंगला शेतातली लाइट असायला पाहिजे. शिवाय लिथियमची बॅटरी पूर्ण भरून मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवली तर तीही बसल्या जागी झिजते. तिला निम्मी भरून थंड जागी ठेवायची, म्हणजे तिची उठबस परत आहेच. लहान बॅटरीचा एखादा छाटणीपुरता पुढं घेईनही.

दुकानांत फिरताना मी किंमत नंतर विचारली. आधी विचारायचो, या मॉडेलचा डायाफ्रॅम, ऑइल सील आणि क्लच ड्रम आत्ता फळीवर आहे का? दाखवा. एका ठिकाणी ५८ सीसीचं मशीन फारच स्वस्तात होतं, सोबत दोन चेनी फुकट. क्लच ड्रमचं विचारल्यावर “मागवून देतो” म्हणाले. मी चहा पिऊन निघालो. बरेच जण सीसी बघून मशीन घेतात. माझं वय साठीच्या पुढं, ४५ सीसीचं धूड दिवसभर धरून खांदा बोलायला लागला होता. शेवटी ३५ सीसीच्या जवळपासचं, १४ इंची बारचं घेतलं. फारच मोठा बुंधा असला तर धंदेवाल्याला दिवसभरासाठी बोलवायचं, तो स्वतःचं मशीन घेऊन येतो आणि ते परवडतं.

घरी आल्यावर कळलं की नव्या चेनचे दात बारीक आहेत, तिला ४ मिलिमीटरची कानस लागते. माझ्या जपून ठेवलेल्या ४.८ च्या सगळ्या कानशी बाद. त्या अण्णांना देऊन टाकल्या, जुन्या मशीनबरोबर. त्याची कॉइल आणि दोरीचा सेट अजून चांगला आहे, कुणाच्या तरी मशीनला लागेल. बदल्यात त्यांनी नव्याचा प्लग आणि पेट्रोल फिल्टर फुकट दिला.

पहिल्या काही टाक्या मी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सांभाळून चालवल्या, लाकडात नसताना रेस ताणली नाही. नवी चेन पहिल्या दिवशी फार ढिली पडते, सारखं थांबून ताणावी लागते. थंड झाल्यावर परत बघायची, नाहीतर आवळून बसते. चौथ्या ओंडक्याला शेजारच्या वस्तीवरचा चुलतभाऊ बांधावर येऊन उभा राहिला. नवं मशीन तालुक्याला वासानं कळतं.

“दादा, दोन दिवस न्यू का? लिंबाच्या दोन फांद्या हायत.”

मी म्हटलं, ने की. पेट्रोलचा डबा माझाच न्यायचा, तुझ्या गाडीतलं ओतायचं नाही. आणि चेन मातीला लागली तर धार लावूनच आणून द्यायचं, कानस पिशवीत आहे.

तो म्हणाला, मग तुम्हीच या ना मशीन घेऊन, जेवायला पण होईल.