मागून कोण येत आहे? केम्निट्झ ते सोलापूर

मी गाडी चालवायला शिकलो ती सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर. माझे मामा अनेक वर्षे ट्रक चालवत होते, आणि त्यांचा पहिला धडा असा होता की समोरची जबाबदारी तुझी, मागच्याला पुढे जायचे असेल तर तो हॉर्न देईल. मग रस्ता मोकळा असला की खिडकीतून हात हलवून त्याला साइड द्यायची. ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ असे लिहिण्यामागे हीच समजूत होती. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते लिहिण्यास मनाई केली, तरी ती समजूत रस्त्यावरून गेलेली नाही. मागची बातमी कानाने घ्यायची, ही माझी सवय तेव्हापासूनची.

२०२२ मध्ये वस्त्रोद्योगाच्या यंत्रांच्या कामासाठी मी जर्मनीतील केम्निट्झ शहरात राहायला गेलो. भारतीय परवान्यावर तेथे पहिले सहा महिनेच गाडी चालवता येते. काही देशांचे परवाने परीक्षेशिवाय बदलून मिळतात, पण त्या यादीत भारत नाही, त्यामुळे लेखी आणि प्रत्यक्ष या दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. परवान्याचे जर्मन भाषांतर, डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग ही कामे सरळ पार पडली. लेखी परीक्षेत ३० प्रश्न असतात आणि चुकांचे गुण १० च्या पुढे जाऊन चालत नाही. ती इंग्रजीतून देता आली आणि मी पहिल्याच वेळी उत्तीर्ण झालो. नव्याने शिकणाऱ्याला महामार्गावरचे आणि रात्रीचे ठरावीक तास सक्तीचे असतात. परवाना बदलून घेणाऱ्याला ती सक्ती नाही, म्हणून मी मोजकेच तास घेतले. तो निर्णय चुकीचा होता, असे आज मला स्पष्टपणे वाटते.

प्रत्यक्ष परीक्षा ५५ मिनिटांची असते. शहरातला भाग नीट झाला. त्यानंतर परीक्षकांनी चार क्रमांकाच्या महामार्गावर गाडी घ्यायला सांगितली. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात, डावी लेन केवळ ओलांडून पुढे जाण्यासाठी असते, काम झाले की पुन्हा उजवीकडे यावे लागते आणि वाहत्या रहदारीत उजवीकडून कोणाला ओलांडणे निषिद्ध आहे. हे सर्व मला पाठ होते. एक ट्रक ओलांडून मी उजवीकडे वळू लागलो तेव्हा आरशात पाहिले, पण खांद्यावरून मान वळवून पाहिले नाही, आणि आरशात न दिसणाऱ्या जागेत एक गाडी होती. शेजारी बसलेल्या शिक्षकांनी ब्रेक दाबला. शिक्षकाला हस्तक्षेप करावा लागला की परीक्षा तेथेच संपते.

पुढच्या प्रयत्नापूर्वी साधारण दोन आठवडे थांबावे लागते. त्या काळात शिक्षकांनी मला जे शिकवले ते कोणत्याही पुस्तकात मला सापडले नव्हते. ते म्हणाले, “तुम्ही पुढे उत्तम पाहता, पण मागे काय आहे हे मी कधीही विचारले तरी तुम्हाला सांगता आले पाहिजे.” आणि ते खरोखरच कधीही विचारत. मी उत्तर देई, “निळी व्हॅन, दूर आहे,” किंवा “पांढरी गाडी, वेगाने येत आहे.” सुरुवातीला माझी उत्तरे चुकत. त्या महामार्गांच्या पुष्कळ भागांवर वेगाची सक्तीची मर्यादा नाही, ताशी १३० किलोमीटर ही केवळ शिफारस आहे, त्यामुळे आरशातला ठिपका काही क्षणांत शेजारी येतो आणि त्याने हॉर्न देण्याची वाट पाहण्याइतका वेळच नसतो. गावाबाहेर ओलांडण्याची सूचना म्हणून थोडक्यात हॉर्न किंवा दिवा देण्यास तेथील नियम परवानगी देतात, परंतु पाठीला चिकटून सतत डिपर मारत राहणे हा फौजदारी गुन्हाही ठरू शकतो. मामांच्या रस्त्यावर डिपर म्हणजे ‘मी येतो आहे, तू थांब’. तेथे अनेकदा समोरचा दिवा दाखवतो तो ‘तुम्ही आधी जा’ म्हणून, आणि मी पहिल्या आठवड्यांत अशा प्रत्येक दिव्याला थांबत असे.

याच शिकवणीत एक गोष्ट होती जिच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. महामार्गावर रहदारी तुंबू लागली की सर्वांत डाव्या लेनमधील वाहने डावीकडे आणि बाकीची सर्व उजवीकडे सरकतात, म्हणजे मधोमध रुग्णवाहिकेसाठी वाट तयार होते. ही वाट सायरन ऐकू आल्यावर करायची नसते. गाड्या सावकाश होऊ लागताच करायची असते. ती न केल्यास किमान २०० युरो दंड आणि एक महिना वाहन चालवण्यास बंदी आहे. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीनंतर रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास १०,००० रुपये दंड आहे, पण आपल्या चालकाला मागे रुग्णवाहिका आहे हे सायरन अगदी जवळ आल्यावर कळते आणि तोवर सरकायला जागा उरलेली नसते.

दुसऱ्या प्रयत्नात मी उत्तीर्ण झालो. दोन वर्षांनी सोलापूरला परतल्यावर गळीत हंगामात मामांना शेजारी बसवून पुण्याकडे निघालो. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणून ओलांडून झाले की मी डाव्या लेनमध्ये परतत होतो. सावळेश्वर टोलनाका गेल्यावर मामा म्हणाले, “डावीकडनं का चालवायलास?” मोहोळ येईपर्यंत उत्तर मिळाले: डाव्या कडेने उलट्या दिशेने दुचाकी येत होत्या, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर होते आणि एक नादुरुस्त ट्रक दगड लावून उभा होता. जड वाहने दुभाजकाच्या बाजूची लेन का सोडत नाहीत, हे मला केम्निट्झमध्ये अडाणीपणाचे वाटू लागले होते. ते मत मी त्या दिवशी मागे घेतले. डावी लेन मोकळी राहिली, तर त्यांनाही डावीकडे चालता येईल.

उसाच्या ट्रॉलीजवळ मी पुन्हा हॉर्न देऊ लागलो, कारण भरलेल्या मोळ्यांमुळे ट्रॅक्टरच्या चालकाला मागचे काहीही दिसत नाही आणि त्याच्यापर्यंत बातमी पोहोचवण्याचा दुसरा मार्ग नाही. आरसा मात्र मी सोडला नाही. टेंभुर्णीच्या अलीकडे वाहने तुंबू लागली तेव्हा मी उजव्या लेनमध्ये होतो आणि सवयीने दुभाजकाला लागून गाडी घेतली. मामांनी कारण विचारले नाही. त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि डाव्या लेनमधल्या ट्रकला, पूर्वी साइड देताना हलवत तसा हात हलवून, आणखी डावीकडे सरकायला सांगितले. तो सरकला. त्याच्या मागच्या टेम्पोनेही तसेच केले.