तंगुसाचं पिळलेलं टोक

सांगलीतल्या विश्रामबागचा एक मुलगा अमेरिकेत टेक्सासला नोकरीला असतो. सुट्टीला घरी आला की गळाच्या नादानं माझ्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात ठाण मांडून बसतो. या दिवाळीत आला तो कागदाची पुडी घेऊन. आत वीतभर तंगूस, म्हणजे गळाचा दोर. "काका, एवढा मोठा बास मला कधीच लागला नव्हता. दोर कापून गेला. आता तुम्हीच सांगा, कशानं गेला?"

बास आपल्या कृष्णेतला मासा नव्हे. लार्जमाउथ बास मूळचा उत्तर अमेरिकेचा. 1925 मध्ये तो जपानच्या आशी तलावात सोडला. त्याचा जागतिक विक्रम साधारण दहा किलोचा, 1932 मध्ये जॉर्जियात झालेला. 2009 मध्ये जपानच्याच बिवा तलावात एकानं त्याची बरोबरी केली. मी स्वतः बास धरलेला नाही, पण बासचं सामान विकून आणि बांधून त्याच्याविषयी बरंच कळलं आहे. एक गोष्ट पक्की: मरळीसारखे सुळे त्याला नसतात. त्याचे दात म्हणजे बारीक खरखर, लोक त्याच्या तोंडात अंगठा घालून त्याला उचलतात. तेव्हा दातानं दोर कापला असं म्हणायला जागाच नव्हती.

मी टोक भिंगाखाली धरलं. दगडावर घासून तुटलेल्या तंगुसाला लव सुटते. नुसत्या ताणानं तुटला तर टोक बऱ्यापैकी साफ राहतं. आणि गाठ सरकून सुटली तर टोकाला डुकराच्या शेपटीसारखा पीळ पडतो. याच्या टोकाला पीळ होता. पण त्याच्या वर चार बोटं अंतरात बारीक लवही होती. मी दोन्ही त्याला दाखवलं.

"म्हणजे नक्की काय झालं?" त्याला एकच उत्तर हवं होतं.

"तू बांधून दाखव," म्हटलं.

त्याचा सगळा भर ड्रॉप शॉटवर. या बांधणीत शिसं सगळ्यात खाली तळावर बसतं आणि गळ त्याच्या हात-दीड हात वर अधांतरी राहतो. गळाला रबरी अळी, तीही फक्त नाकात टोचलेली. मासा तळापासून थोडा वर थबकून असेल, पाणी निवळ असेल, खाण्याचं मन नसेल, तेव्हा ही अळी जागची न हलता त्याच्या तोंडासमोर लोंबत राहते. इतर लूर, म्हणजे खोटी आमिषं, पुढं ओढावे लागतात, मग मासा आला तर आला. इथं आपण थांबायचं.

सगळा खेळ गळाच्या गाठीचा. पालोमार गाठ. तंगूस दुहेरी करून नेढ्यातून काढायचा, सैल गाठ मारायची, फासातून अख्खा गळ काढायचा आणि ओढायचं. उरलेलं शेपूट मात्र लांब ठेवायचं, कारण शिसं त्यालाच लागतं. मग गळाचं टोक आभाळाकडं धरून ते शेपूट नेढ्यातून वरून खाली परत ओवायचं. एवढं केलं की गळ दोराशी काटकोनात ताठ उभा राहतो. नाही ओवलं तर गळ दोराला चिकटून खाली मान घालतो, आणि मासा अळी चोखून थुंकून निघून जातो.

ओवणं त्याला येत होतं. पण गाठ ओढताना त्यानं ती थुंकीनं ओली केली नाही, आणि दुहेरी दोर एकमेकांवर चढलेले तसेच राहिले. त्याचा दोर फ्लुरोकार्बनचा. हा नायलॉनपेक्षा कडक असतो. कोरडा ओढला की घर्षणानं जागच्या जागी तापतो आणि तिथंच कमजोर होतो. व्हिडिओवाल्यांवर माझा खरा राग इथं आहे. ते जाड रंगीत दोरीवर गाठ शिकवतात, त्यात थुंकी कुठं दिसणार? पोरं आकार शिकतात, ओढणं शिकत नाहीत.

मग त्याचा दोर ताण मोजायच्या काट्याला लावला. आठ पौंडाचा दोर, म्हणजे साडेतीन किलोच्या वर ताण सोसणारा. त्याची कोरडी गाठ दोन किलोच्या आसपास निसटली, टोकाला तोच पीळ. मग त्याच रिळाचा दोर मी ओला करून, दुहेरी दोर शेजारी-शेजारी बसवून बांधला. तीन किलो ओलांडूनही गाठ जागेवर होती. रीळ खोटं असेल का, हीही शंका फेडून घेतली. तुकडा पेल्यात बुडवून सोडला, तो सरळ तळाला गेला. खरा फ्लुरोकार्बन पाण्याच्या पावणेदोन पट जड असतो, नायलॉन इतक्या चटकन जात नाही. ऑनलाइन स्वस्तात येणारी कितीतरी रिळं या परीक्षेत नापास होतात. 2019 च्या महापुरात भिजलेला माल धुऊन-पुसून विकणारेही मी पाहिलेत. मी माझा फेकून दिला. गिऱ्हाईक दोरावर विश्वास ठेवून पाण्यावर जातं.

मग त्याला मागच्या हौदावर नेलं. सात ग्रॅमचं शिसं, वर पांढरी अळी. रॉड हलवला की तो शिसंच आपटत होता, अळी नुसती उड्या मारत होती. "शिसं हलवू नको, ढील हलव," म्हटलं. दोर जरा सैल सोडून रॉडचं टोक नुसतं थरथरवलं की शिसं तळाला घट्ट आणि अळीची शेपटी जिवंत. हे पाण्यात डोळ्यांनी पाहिल्यावर त्याचा चेहरा उजळला. संध्याकाळी हरिपूरच्या पुढं कृष्णेवर दोन चिलाप्या त्याच अळीला आल्या. ओढताना झटका न देता त्यानं नुसतं रीळ फिरवून रॉड उचलला, बरोबर तसंच हवं.

तरी ती लव माझ्या डोक्यातून जात नाही. मासा बुडालेल्या झाडांत शिरला होता, असं तोच म्हणाला. लाकडावर दोर आधी घासला असेल, तरी तुटायला हवा होता तिथं, जिथं लव होती. तुटला तो खाली, गाठीपाशी. म्हणजे गाठ लवेपेक्षाही कमजोर होती, असं मला वाटतं. त्याला ते पटत नाही. घासल्यामुळं मासा अडकून जोर लावायला लागला आणि मगच गाठ गेली, असं त्याचं म्हणणं. तेही खोडून काढता येत नाही.

जाताना त्याला सांगितलं, प्रत्येक माशानंतर दोरावरून नख फिरव, खरखर लागली की हातभर कापून पुन्हा बांध. तो म्हणाला, "काका, बोटीवर एवढा वेळ कुणाला असतो?" वेळ काढावा लागतो. तेव्हापासून ड्रॉप शॉटचं सामान मागणाऱ्या प्रत्येकाला आधी काट्यावर गाठ बांधायला लावतो. काहीजण रागावून दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देत.